कपाशीतली जनुकक्रिया अनेक ठिकाणी तपासायची असेल तर: पालक निवडण्यापासून निर्णयापर्यंतचा क्रम

प्रबंध असो की कंपनीचा अहवाल, शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं: ‘बोंडांची संख्या आणि उत्पादन यांवर नॉन-अ‍ॅडिटिव्ह जनुकक्रियेचा पगडा आढळला, सबब संकरित वाणांची शिफारस करण्यात येते.’ (अ‍ॅडिटिव्ह म्हणजे जनुकांच्या परिणामांची सरळ बेरीज; नॉन-अ‍ॅडिटिव्ह म्हणजे त्यापलीकडचं, जोडीतल्या एका जनुकाचा वरचढपणा म्हणजे डॉमिनन्स, वगैरे.) मागचे तक्ते उघडून बघितले तर पुष्कळदा हे वाक्य त्या आकड्यांतून निघतच नाही. गणित बरोबर असतं, सॉफ्टवेअर बरोबर असतं. चुकलेला असतो कामाचा क्रम.

हा लेख ठाणे, ऐरोली, घणसोली, बेलापूर अशा ठिकाणी बसून कपाशीच्या चाचण्या आखणाऱ्यांसाठी आणि त्यांचे आकडे हाताळणाऱ्यांसाठी आहे. इथे आसपास कपाशीचं शेत नाही. चाचण्या अकोला, नांदेड, जळगावकडे चालतात, बियाणं पार्सलने जातं आणि नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. या अंतरामुळे होणाऱ्या चुका वेगळ्या असतात, त्या जागोजागी सांगितल्या आहेत. जीसीए (पालकाची सगळ्या संकरांतली सर्वसाधारण संयोगक्षमता), एससीए (एका ठरावीक जोडीची खास संयोगक्षमता), एफ१ (संकराची पहिली पिढी), एफ२ (एफ१ च्या स्वफलनाची पिढी): एवढी उजळणी पुरे असं धरलं आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘बोंडाच्या वजनाची जनुकक्रिया’ अशी कुठली स्थिर वस्तू नसते. जो आकडा मिळतो तो या पालकांचा, या ठिकाणांचा, या लागवडअंतराचा असतो. पालक बदला, जमीन बदला, आकडा बदलेल. पुढचे सगळे टप्पे याच गोष्टीवर उभे आहेत.

## टप्पा १: निर्णय आधी लिहा

कागदावर एक वाक्य लिहा: या अभ्यासातून मला काय ठरवायचं आहे? उदाहरणार्थ, ‘कोरडवाहू हलक्या जमिनीसाठी सरळ वाण काढायचा की संकरित’, किंवा ‘दाट लागवडीसाठी निवड वेगळी करावी लागेल का’. ‘जनुकक्रियेचा अभ्यास करणे’ हा निर्णय नव्हे, ते फार तर शीर्षक झालं.

हे वाक्य आधी लिहिलं की पुढचं बरंच आपोआप ठरतं. कोणते पालक, कोणती ठिकाणं, कोणती संकरपद्धत, सगळं त्यातूनच निघतं. उलट केलं, म्हणजे हाताशी असलेल्या बियाण्यातून संकर करून घेतले आणि मग प्रश्न शोधला, की शेवटी ते ठरलेलं वाक्यच लिहावं लागतं.

तपासणी: अभ्यासाचं उत्तर ‘हो’ आलं तर काय कराल आणि ‘नाही’ आलं तर काय कराल, हे दोन ओळींत लिहिता येतंय का? दोन्ही ओळी सारख्याच येत असतील तर प्रयोग करू नका.

## टप्पा २: पालक आणि संकरपद्धत

पद्धती पुष्कळ आहेत, पण व्यवहारात तीनच भेटतात.

लाइन × टेस्टर ही केम्पथॉर्न यांची १९५७ची पद्धत: प्रत्येक लाइनचा संकर थोडक्या ठरलेल्या पालकांशी, म्हणजे टेस्टरशी, करून बघायचा. पालक जास्त असतील आणि त्यांतले कोणते पुढे न्यायचे हे ठरवायचं असेल तर ही घ्या. ग्रिफिंग यांची १९५६ची डायलेल पद्धत, म्हणजे सगळ्या पालकांचे एकमेकांशी संकर, थोडक्या पालकांना बरी. पालक आठ-दहाच्या पुढे गेले की संकरांची संख्या आवाक्याबाहेर जाते: दहा पालकांचे उलटे संकर न घेताही ४५ संकर होतात. तिसरी पद्धत जनरेशन मीन, म्हणजे एकाच संकराच्या सहा पिढ्या: दोन पालक, एफ१, एफ२ आणि दोन बॅकक्रॉस (एफ१ चा एकेका पालकाशी पुन्हा संकर). एपिस्टॅसिस, म्हणजे एका जनुकाचा दुसऱ्यावर पडणारा परिणाम, या तिघांत फक्त हीच नीट दाखवते. लाइन × टेस्टर आणि डायलेल एपिस्टॅसिस नाहीच असं गृहीत धरूनच पुढे जातात. अहवालात हे कुणी लिहीत नाही.

माझं मत विचाराल तर आधी लाइन × टेस्टर करून दोन-तीन संकर निवडावेत आणि फक्त त्यांच्यावरच जनरेशन मीन करावं. एकाच हंगामात दोन्ही उरकायच्या नादात दोन्ही अर्धवट राहतात.

पालकांबद्दल तीन गोष्टी:

- कपाशी बरीचशी स्वपरागीत असली तरी मधमाश्या परागकण आणतात. पालक सलग काही पिढ्या स्वफलन करून घेतलेले नसतील तर ‘पालक’ म्हणून तुम्ही एक मिश्रण पेरत आहात.
- टेस्टर चारच घेतले तर त्यांच्या फरकाचा अंदाज फक्त तीन डिग्री ऑफ फ्रीडमवर (स्वतंत्र तुलनांवर) उभा राहतो. त्यातून निघालेल्या व्हेरिअन्सवर (फरकाच्या मापावर) फार विश्वास टाकू नका. टेस्टर निदान पाच-सहा ठेवा.
- पालक तुम्ही मुद्दाम निवडले असतील तर निष्कर्ष त्या पालकांपुरता. ‘अमेरिकन कपाशीत या गुणधर्माची जनुकक्रिया अशी आहे’ हे विधान करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

सावधान: बीटी आणि बिगर-बीटी पालक एकाच प्रयोगात मिसळू नका. बीटी जनुक एकाच जागी असेल तर अशा संकराच्या एफ२ मध्ये साधारण पाव हिस्सा झाडं बीटीविना निघतात. हिरव्या बोंडअळीचा हल्ला झाला की त्या झाडांचं उत्पादन कोसळतं. तुम्ही मोजता तो फरक मग उत्पादनाच्या जनुकांचा उरत नाही, अळीचा होतो. पालक एकतर सगळे बीटी घ्या, नाहीतर सगळे बिगर-बीटी घेऊन फवारणीने पूर्ण संरक्षण द्या.

## टप्पा ३: ठिकाणं

‘तीन एन्व्हायर्नमेंट’ म्हणजे ओळखीच्या माणसांची तीन शेतं नव्हेत. पहिल्या टप्प्यातला निर्णय ज्या शेतकऱ्यासाठी आहे त्याच्या परिस्थितीतला फरक या ठिकाणांत दिसला पाहिजे. विदर्भातली कोरडवाहू हलकी-मध्यम जमीन, मराठवाड्यातली भारी काळी, खानदेशातली ठिबकवरची बागायती अशी निवड काही सांगते. अकोल्याच्या आसपास दहा किलोमीटरमधल्या तीन भारी जमिनी काहीच सांगत नाहीत.

इथल्या लोकांना एक मोह पडतो: शहापूर किंवा मुरबाडकडे जागा मिळते, जाणं-येणं सोपं, तिथेच एक चाचणी टाकू. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या पावसातली कपाशी कुठल्याही कापूस उत्पादकाच्या शेताचं प्रतिनिधित्व करत नाही. तिथे मिळालेला ‘जीन × एन्व्हायर्नमेंट’ परिणाम कितीही ठळक आला तरी त्यावरून निर्णय घेता येत नाही, आणि एकत्र विश्लेषणात तो बाकीच्या ठिकाणांना आपल्या बाजूला ओढतो. सोयीचं ठिकाण हवंच असेल तर पालकांचं बियाणं बघण्यासाठी ठेवा, आकड्यांत धरू नका.

लागवडीचं अंतर हाही एन्व्हायर्नमेंटच आहे, हे बरेच जण विसरतात. ९० × ६० सेंमीवर हेक्टरी साधारण १८,५०० झाडं बसतात, ९० × १५ सेंमीवर ७४,०००. विरळ लागवडीत संकराचा जोम झाडाच्या पसाऱ्यातून बोंडांच्या संख्येत उतरतो. दाट लागवडीत पसरायला जागाच नाही, त्यामुळे डॉमिनन्सचा तोच परिणाम बराच दबू शकतो. ९० × ६० वर काढलेली जनुकक्रिया दाट लागवडीच्या कार्यक्रमाला तशीच लावणं ही आजची सर्वांत महागडी चूक आहे, असं मला वाटतं.

तपासणी: प्रत्येक ठिकाणासमोर जमिनीची खोली, पाण्याची सोय, पेरणीची तारीख, अंतर आणि खतमात्रा लिहा. दोन ठिकाणांच्या ओळी सारख्याच दिसल्या तर एक गाळा.

## टप्पा ४: संकर, बियाण्याचा हिशेब धरून

पेरणीच्या वेळी बियाणं कमी पडलं की लोक पुनरावृत्ती कमी करतात किंवा एखादं ठिकाण सोडतात. हा घोटाळा आदल्या वर्षीच, संकर करतानाच झालेला असतो. म्हणून हिशेब आधी.

समजा सहा लाइन, पाच टेस्टर, म्हणजे ३० संकर. एका प्लॉटमध्ये दोन ओळी, प्रत्येकी दहा फुली (टोकणीच्या जागा), फुलीत दोन सरक्या: ४० सरक्या. तीन ठिकाणं, प्रत्येकी तीन पुनरावृत्ती: नऊ प्लॉट, ३६० सरक्या. नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला आणि शिल्लक ठेवायला तेवढ्याच आणखी धरा: ७०० च्या आसपास. हाताने संकर केलेल्या बोंडात वीसेक चांगल्या सरक्या मिळाल्या आणि तीन फुलांमागे एक बोंड टिकलं, तर एका संकराला शंभरावर फुलं लागतील. ३० संकरांना तीन हजारांवर. हंगामाच्या सुरुवातीलाच माणसं ठरवा, कारण उशिराच्या फुलांची बोंडं नीट भरत नाहीत.

कामाचा क्रम असा:

१. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी निवडा. तिच्या पाकळ्यांची गुंडाळी सहपत्रांच्या वर आलेली असते.

२. अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांच्या तळाशी गोल चीर देऊन पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकत्र ओढून काढा. खालच्या बीजांडकोशाला नख लागू देऊ नका. सहपत्रं ठेवा, बोंडाला ती हवीच असतात.

३. लगेच कागदी पिशवी घाला. रंग ठरवून ठेवा: आज पुंकेसर काढलेल्यांना लाल, परागीकरण झालेल्यांना पांढरी. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं हे रंगावरून कळतं.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, नर झाडावरच्या ताज्या उमललेल्या फुलाचे पराग कुक्षीवर सगळ्या बाजूंनी लावा. कालचं गुलाबी पडलेलं फूल वापरू नका. नर झाडाच्या कळ्याही आदल्या संध्याकाळी टोकाला दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर मधमाशीने आणलेले परके पराग तुम्हीच पुढे लावाल.

५. लेबलवर मादी आधी, नर नंतर, तारीख आणि करणाऱ्याचं आद्याक्षर. पेन्सिलने लिहा. शाई पावसात जाते.

सावधान: एफ२ साठी एफ१ झाडाच्या कळ्या बांधून स्वफलन करा. एफ१ च्या ओळीतून सरसकट वेचलेला कापूस म्हणजे एफ२ नाही. ही चूक शेवटपर्यंत दिसत नाही. फक्त एफ२ चा व्हेरिअन्स विचित्र येतो आणि दोष एपिस्टॅसिसला दिला जातो.

## टप्पा ५: शेतात

लाइन × टेस्टरसाठी साधी आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) तीन पुनरावृत्तींत चालते. पण ३० संकर, ११ पालक आणि एक-दोन तुल्यवाण मिळून चाळीसच्या वर नोंदी (पेरायचे प्रकार) झाल्या की एका ब्लॉकमध्ये जमीन सारखी राहत नाही. तेव्हा अल्फा लॅटिससारखी छोट्या ब्लॉकची रचना घ्या. संकर जोमाने वाढतात आणि शेजारच्या ठेंगण्या पालकावर सावली धरतात, म्हणून पालक आणि संकर प्रत्येक पुनरावृत्तीत वेगळ्या गटात पेरणं बरं.

जनरेशन मीनमध्ये सगळ्या पिढ्यांची झाडं सारखी ठेवू नका. एकाच पालकाच्या किंवा एफ१ च्या झाडाझाडांत जनुकीय फरक नसतो, तिथे वीस-तीस झाडं पुरतात. बॅकक्रॉसला शंभराच्या आसपास, एफ२ ला दोनशे. प्रत्येक पिढीला पाच-पाच झाडं मोजून केलेला अभ्यास बघितला की पुढचं पान उलटायची इच्छा राहत नाही.

बाकी गोष्टी भराभर. कडेला रक्षक ओळी. नांग्या पेरणीनंतर दहा दिवसांच्या आत भरा, नंतर भरलेलं झाड मोजणीत धरू नका. मोजणीचं झाड निवडताना त्याच्या दोन्ही बाजूंना झाड असलं पाहिजे, कारण कपाशी रिकामी जागा पसरून भरून काढते आणि मोकळ्या जागेशेजारचं झाड खोटं उत्पादन दाखवतं. तुडतुडे, लाल्या, गुलाबी बोंडअळी यांच्या नोंदी प्लॉटनिहाय ठेवा. किडकी बोंडं किती हा आकडा पुढे विश्लेषणात सहचल (कोव्हेरिअट, म्हणजे ज्याचा परिणाम वजा करून बघायचा तो आकडा) म्हणून कामी येतो.

तपासणी: पेरणीनंतर महिन्याने प्रत्येक केंद्राकडून प्लॉटनिहाय झाडांची संख्या मागवा. एखाद्या ठिकाणी बरेच प्लॉट विरळ असतील तर ते ठिकाण एकत्र विश्लेषणात घ्यायचं की नाही ते तेव्हाच ठरवा. निकाल पाहून ठरवू नका.

## टप्पा ६: वेचणी, नमुने आणि खाडीकाठची हवा

पहिली आणि दुसरी वेचणी वेगळ्या पिशव्यांत ठेवा. उत्पादनासाठी बेरीज करा, पण रुईचा उतारा आणि धाग्याची प्रत सगळ्या ठिकाणी एकाच वेचणीतून काढा. एका केंद्राने पहिल्या वेचणीतला आणि दुसऱ्याने शेवटच्या वेचणीतला नमुना पाठवला तर तलमपणातला फरक ठिकाणाचा नसेल, वेचणीचा असेल. उशिराच्या बोंडांतला धागा अपरिपक्व राहिला की मायक्रोनेअरचा (धाग्याच्या तलमपणा-परिपक्वतेच्या मापाचा) आकडा खाली येतो. फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या पिकाचा) कापूस मिसळायचाच नाही.

आता इथली अडचण. नमुने विदर्भ एक्सप्रेसने अकोल्याहून ठाण्याला उतरतात आणि पिशव्या खाडीजवळच्या एखाद्या ऑफिसात पडून राहतात. रुई हवेतला ओलावा भराभर घेते, सरकी तितक्या वेगाने घेत नाही. म्हणजे कापसाचं वजन अकोल्याच्या कोरड्या हवेत आणि रुईचं वजन आठवड्याने घणसोलीत केलं, तर उतारा फुगून येतो. उपाय सरळ आहे: कापूस, रुई आणि सरकी यांचं वजन एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच काट्यावर. शक्यतो केंद्रावरच. रुई भागिले कापूस गुणिले १००, बस.

धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर यांसाठी माटुंग्याची सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था जवळ आहे. प्रमाणित चाचणीत नमुने ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत स्थिरावू देतात, त्यामुळे तिथल्या आकड्यांना बाहेरच्या हवेची भीती नाही. मात्र सगळ्या ठिकाणचे नमुने एकाच प्रयोगशाळेत, शक्यतो एकाच खेपेत आणि ठिकाणं मिसळून द्या. आधी अकोला, महिन्याने नांदेड असं दिलं तर यंत्राचा फरक आणि ठिकाणाचा फरक वेगळा काढता येत नाही.

एफ२ मध्ये एकेका झाडाच्या धाग्याची प्रत काढायची असेल तर आधी रुई मोजा. २० बोंडं, प्रत्येकी ४ ग्रॅम, उतारा ३४ टक्के: झाडामागे २७ ग्रॅम रुई. दाट लागवडीत आठच बोंडं लागली तर ११ ग्रॅम. एवढ्यात कुठल्या चाचण्या होतील हे प्रयोगशाळेला पेरणीपूर्वी विचारा, वेचणीनंतर नव्हे.

सावधान: पुढच्या वर्षाची शिल्लक सरकी नवी मुंबईत पावसाळाभर कापडी पिशवीत ठेवू नका. दहा टक्क्यांच्या खाली वाळवून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर केंद्रावरच राहू द्या.

## टप्पा ७: आकडे हातात आल्यावर

विश्लेषणाच्या आधीचं हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते टाळलं जातं. वहीच्या पानाचा फोटो बघून टाइप केलेल्या तक्त्यात १ आणि ७ ची, ० आणि ६ ची अदलाबदल होते. एका माणसाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. मग मूळ वही मागवून दर दहाव्या प्लॉटची पडताळणी करायची.

एककं बघा. एक केंद्र झाडामागे ग्रॅम पाठवतं, दुसरं प्लॉटमागे किलो. प्लॉटचं उत्पादन झाडांच्या संख्येने भागताना पेरलेली झाडं धरली की वेचणीच्या वेळची, हे सगळ्या केंद्रांना एकच सांगा.

टक्केवारीवर आर्कसाइन रूपांतर लावायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. रुईच्या उताऱ्याला ते लावू नका. हा उतारा म्हणजे दोन वजनांचं गुणोत्तर, मोजून काढलेल्या ‘हो-नाही’ची टक्केवारी नव्हे. शिवाय तो तिशी-चाळिशीच्या अरुंद पट्ट्यात असतो. रूपांतराने काही साधत नाही, वाचणाऱ्याचा गोंधळ मात्र वाढतो.

## टप्पा ८: आधी प्रत्येक ठिकाण वेगळं

एकत्र विश्लेषणाचं बटण अजून दाबायचं नाही. प्रत्येक ठिकाणी आधी फक्त एवढं बघा: पेरलेल्या संकर-पालकांमधला फरक सार्थ (निव्वळ योगायोगाचा नाही असा) आहे का? नसेल तर त्या गुणधर्माचं त्या ठिकाणचं विश्लेषण तिथेच थांबवा. फरकच नाही, मग त्याची वाटणी अ‍ॅडिटिव्ह आणि डॉमिनन्समध्ये कशाची करायची?

फरक सार्थ असेल तर जीसीए आणि एससीए. आता या लेखाला कारण ठरलेली चूक. जीसीए व्हेरिअन्सला एससीए व्हेरिअन्सने भागतात, उत्तर एकापेक्षा कमी आलं की ‘नॉन-अ‍ॅडिटिव्ह’ लिहून मोकळे होतात. पण पालक पूर्ण स्वफलित असतील तर अ‍ॅडिटिव्ह व्हेरिअन्स जीसीए व्हेरिअन्सच्या दुप्पट असतो, आणि डॉमिनन्स व्हेरिअन्स एससीए व्हेरिअन्सएवढा. समजा जीसीए ३ आणि एससीए ४. भागाकार ०.७५, म्हणून अहवालात ‘नॉन-अ‍ॅडिटिव्ह’. प्रत्यक्षात अ‍ॅडिटिव्ह ६, डॉमिनन्स ४. बेकर यांचं १९७८चं गुणोत्तर, म्हणजे २ × जीसीए भागिले (२ × जीसीए + एससीए), इथे ०.६ येतं. निष्कर्ष अगदी उलटा. जो संकर सोडून सरळ वाणाकडे जायला हवं होतं त्यावर पुढची पाच वर्षं संकरित बियाणं करण्यात जातात.

व्हेरिअन्स ऋण आला तर शून्य धरा आणि तसं लिहा. चिन्ह गाळून आकडा वापरू नका.

जनरेशन मीन असेल तर

पहिलं काम सहा घटकांचं मॉडेल नव्हे. आधी तीन घटकांचं साधं मॉडेल (सरासरी, अ‍ॅडिटिव्ह, डॉमिनन्स) जॉइंट स्केलिंग चाचणीने बसतं का ते बघा. बसलं तर तिथेच थांबा. सहा पिढ्यांच्या सहा सरासऱ्यांवर सहा घटकांचं मॉडेल लावलं की तपासायला काही शिल्लकच राहत नाही, ते नेहमी ‘बसतं’.

साधं मॉडेल बसलं नाही तरच हेमन यांचे सहा घटक. सूत्रं पाठ असतील, तरी एक काल्पनिक उदाहरण बघा. एकच संकर, बोंडाचं वजन ग्रॅममध्ये.

- भारी जमीन: पी१ ४.०, पी२ ३.०, एफ१ ४.१, एफ२ ३.६, बीसी१ ३.९, बीसी२ ३.४. यातून डॉमिनन्सचा घटक (एच) ०.८ आणि डॉमिनन्स × डॉमिनन्स (एल) ०.४. चिन्हं सारखी: पूरक एपिस्टॅसिस.
- हलकी जमीन: पी१ ३.४, पी२ २.८, एफ१ ३.६, एफ२ ३.१, बीसी१ ३.५, बीसी२ ३.२. एच १.५, एल उणे १.०. चिन्हं विरुद्ध: डुप्लिकेट एपिस्टॅसिस.

पालक तेच, संकर तोच, आणि निवड कधी करायची याचं उत्तर दोन जमिनींत वेगळं. दोन्ही ठिकाणांची सरासरी काढून मग मॉडेल लावलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. अर्थात चिन्हांवरून बोलायचं तर एच आणि एल दोन्ही सार्थ असायला हवेत. सार्थता काढताना सरासरीचा व्हेरिअन्स वापरा, म्हणजे पिढीतला व्हेरिअन्स भागिले झाडांची संख्या. नुसता पिढीतला व्हेरिअन्स घातला तर काहीच सार्थ येणार नाही.

सावधान: अ‍ॅडिटिव्ह घटक (डी) शून्याजवळ आला म्हणजे अ‍ॅडिटिव्ह जनुकं नाहीत असं नव्हे. दोन्ही पालकांकडे थोडी-थोडी चांगली जनुकं विभागलेली असतील तर ती सरासरीत एकमेकांना खाऊन टाकतात. अशा संकराच्या एफ२ मध्ये दोन्ही पालकांपेक्षा सरस झाडं निघू शकतात. डी लहान पण एफ२ चा पसारा मोठा असेल, तर तो संकर टाकू नका.

## टप्पा ९: आता एकत्र

आधी बार्टलेट किंवा लेव्हीन चाचणीने ठिकाणांचा एरर व्हेरिअन्स (प्रयोगातल्या चुकीपोटीचा फरक) सारखा आहे का ते बघा. नसेल तर प्रत्येक ठिकाणाला वेगळा एरर देणारं मिक्स्ड मॉडेल वापरा. ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं. आर येत नसेल तर एखाद्या सांख्यिकाला आधीच सोबत घ्या. नंतर ‘जरा बघून द्या’ म्हणून फाइल पाठवली की तोही फक्त दोष दाखवू शकतो.

ठिकाणं एका मोठ्या प्रदेशाचे नमुने म्हणून घेतली असतील तर जीसीएची सार्थता जीसीए × ठिकाण या ओळीशी तपासा, एकत्रित एररशी नाही. एररशी तपासलं की सगळंच सार्थ येतं आणि सगळे खूश होतात.

मग सरासरी सोडून क्रम बघा. एखाद्या लाइनचा जीसीए अकोल्यात +८, नांदेडात +७, जळगावात −९ असेल तर सरासरी +२ येते आणि तक्त्यात ती ‘चांगली’ ठरते. प्रत्यक्षात ती दोन ठिकाणी उत्तम आणि तिसरीकडे घातक आहे. प्रत्येक जोडीच्या ठिकाणांत जीसीएच्या क्रमांकांचा सहसंबंध काढा. क्रम तोच राहून फक्त आकड्यांचा पसारा बदलत असेल (बागायतीत सगळेच फरक मोठे दिसतात), तर लॉग घेऊन बघा. लॉगनंतर इंटरअ‍ॅक्शन नाहीशी झाली तर ती मापपट्टीची होती, निवडीला तिचा त्रास नाही. क्रमच उलटत असेल तर मात्र एकाच ठिकाणी निवड करून भागणार नाही.

## टप्पा १०: आकड्यांवरून काय करायचं

पहिल्या टप्प्यातला कागद समोर घ्या.

अ‍ॅडिटिव्ह भाग मोठा आणि ठिकाणांत क्रम स्थिर असेल तर एफ२ पासूनच निवड सुरू करा, कुठल्याही एका चांगल्या केंद्रावर चालेल. धाग्याची लांबी पुष्कळदा या गटात येते. अ‍ॅडिटिव्ह मोठा पण क्रम बदलता असेल तर ज्या जमिनीसाठी वाण आहे त्याच जमिनीत निवड करा, सोयीच्या केंद्रावर नाही. डॉमिनन्स मोठा आणि स्थिर असेल तर संकरित वाण. डॉमिनन्स मोठा पण फक्त विरळ बागायतीत दिसत असेल तर संकरित वाण त्या भागापुरता ठेवा आणि कोरडवाहूसाठी वेगळा रस्ता धरा. डुप्लिकेट एपिस्टॅसिस असेल तर लवकर निवड फसवी ठरते: दोन-तीन पिढ्या सौम्य निवड करून पुढे न्या, किंवा एफ२ मधल्या निवडक झाडांचे आपसात संकर करा. याने जवळ बांधलेली जनुकंही सुटी होतात, आणि ज्याला आपण ओव्हरडॉमिनन्स (मिश्र जोडी दोन्ही शुद्ध जोड्यांपेक्षा सरस असणं) म्हणत होतो तो कधीकधी त्याबरोबरच विरतो.

उत्पादनासारख्या गुणधर्माला यांतलं एकच खण सहसा मिळत नाही. बोंडांची संख्या एका बाजूला, बोंडाचं वजन दुसऱ्या बाजूला असं होतं. तेव्हा घटकांनुसार ठरवा आणि उत्पादनाचा आकडा पडताळणीसाठी ठेवा.

अहवालात निष्कर्षाच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी असाव्यात: कोणते पालक, कोणती ठिकाणं, कोणतं अंतर, किती हंगाम. हंगाम एकच असेल तर शिल्लक सरकी वापरून तीच चाचणी दुसऱ्या खरिपात पुन्हा लावा. ठिकाण आणि वर्ष यांतला फरक वेगळा काढायला दुसरा मार्ग नाही, आणि त्यासाठीच चौथ्या टप्प्यात बियाणं दुप्पट धरलं होतं.